संगमेश्वरची सीडी कावून लागली न्हाई

मी नीलाबाई. सिरसाळ्याचे सिद्धाराम किराणावाले, त्यांची थोरली सून. संगमेश्वर माझा धाकटा दीर. येत्या माघात त्याला जाऊन वर्ष होतंय. घरात म्हणले फोटो टाकून एक कार्ड छापू, वर ओम नमः शिवाय, खाली सगळ्यांची नावं, आणि वाटून टाकू. मी म्हणलं कार्डात त्याचं काहीच येत न्हाई, मी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. पण टाईप करायला त्यानंच शिकवलं, त्याच्याच मशीनवर बसून टाईप करते. जसं बोलते तसं. वेलांटी चुकली तर ती माझी समजावी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण सगळं वाचायला कोणाला येळ असंल नसंल. दोन वर्षामागं साखर कारखान्याचं मशीन बंद पडलं आणि संगमेश्वरची सीडी लागली न्हाई, त्याच्यापायी त्याचं कायमचं काम गेलं, हे सगळ्यांना म्हाईत हाय. अजूनबी लोक म्हणतात पोरगं हुशार होतं पण ऐन येळेला फसलं. ते तसं न्हाई. सीडी चांगली होती. ती मी खराब केली. कशी केली ते पुढं येतंय.

मी लग्न होऊन आले तवा संगू दुसरीत होता. लोकांसमोर भावजी म्हणायचे, घरात संगूच. माझ्या माहेरून भिंतीवरचं घड्याळ आलतं, ते त्यानं तिसऱ्या दिवशी उघडलं. परत जोडलं तर चालायला लागलं पण ठोके द्यायचं बंद झालं. मामंजी मारायला उठले. मी म्हणलं राहू द्या, ठोक्यानं झोप मोडतीय. तवापास्नं तो माझ्यामागं मागं. सासूबाई लवकर गेल्या, त्याचं डोकं धुणं, डबा, शाळेत सही करायला जाणं, सगळं माझ्याकडंच आलं. सही मला माझ्या नावाची तेवढी येत होती, तीच सगळीकडं करून यायचे.

बारावी झाल्यावर लातूरला राहून कॉम्प्युटर शिकला. अठ्ठ्याण्णव साली परत आला तो टेम्पोत कॉम्प्युटर घेऊनच. साखरेच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला, खाली वाकळ टाकलेली. दुकानाच्या अर्ध्या ओट्यावर पत्र्याची खोली केली, त्यात मांडला. एका बाजूला तेलाचे डबे, एका बाजूला हे. मामंजी गिऱ्हाईकाला सांगायचे, इकडं गोडंतेल मिळंल, तिकडं टीव्ही हाय पण त्या टीव्हीत पिक्चर लागत न्हाई. गिऱ्हाईक हसायचं आणि दोन्ही बघून जायचं.

लग्नपत्रिका यायच्या, बायोडाटा यायचे, शाळेच्या प्रश्नपत्रिका यायच्या. एकट्याला उरकंना. मला म्हणला वैनी, तुमी गहू निसता तसं अक्षर निसायचं, बोटाला सवय हाय तुमच्या. मी बसले. पहिली पत्रिका टाईप केली त्यात नवरदेवाच्या चुलत्याचं नाव राहिलं. चुलता दुकानात भांडायला आला. संगू म्हणला काका, पुढच्या लग्नात तुमचं नाव दोनदा टाकू. चुलता म्हणला पुढचं लग्न कोणाचं बे. संगू म्हणला तुमी सांगा, मी छापतो. म्हातारा हसला आणि तिथंच चहा पिऊन गेला. असं होतं त्याचं. त्याच्यावर कोणी चिडून राहत नव्हतं. आप्पाराव साहेब सोडून, पण ते पुढं.

आता सीडीचं सांगते. आमच्याकडं लाईट जाती आणि येती, येताना जोरात येती. त्यात कॉम्प्युटर बसतो. म्हणजे दिसायला नीट, पण चालू केला की नुसता काळा. परत सगळं टाकायचं म्हणजे एक दिवस जातो, आणि आधीचं काम जातं ते जातंच. दवाखान्याचा, शाळेचा, पतपेढीचा, सगळ्यांचा असाच बसायचा. संगूनं औरंगाबादहून एक प्रोग्राम आणला. मशीन नीट चालत असतानाच त्याच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं उचलायचं आणि सीडीत ठेवायचं. त्याला तो इमेज म्हणायचा. मला कळंना. मंग म्हणला, वैनी, तुमी रोज वाटीभर विरजण बाजूला काढता, गाडगं फुटलं तरी दही परत लागतंय, तसंच. मी म्हणलं विरजण नासलं तर. म्हणला म्हणून दोन वाट्या ठेवायच्या.

पण बसलेल्या मशीनला सीडी वाचायचीबी अक्कल राहत न्हाई. म्हणून पहिली सीडी येगळी करावी लागती. तिच्यात मशीन उठवण्यापुरतं असतंय. ती घातली की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात, मंग ते दुसरी सीडी मागतंय, मंग तिसरी. तीन सीड्यांचा एक जोड. प्रत्येक गिऱ्हाईकाचे दोन जोड करायचा, वर मार्करनं नाव आणि तारीख घालायचा.

सीडी लिहायचं यंत्र सिरसाळ्यात पहिलं त्याच्याकडं आलं. लिहिताना घरात मिक्सर लावायचा न्हाई, मोटार लावायची न्हाई. लाईट दबली की सीडी गेली. मामंजींना तेवढी अर्धा तास वाट बघणं जमायचं न्हाई, अंघोळीचं पाणी तवाच लागायचं. गेलेल्या सीड्या माझी पोरगी रुद्राणी दोऱ्यात ओवून दारात बांधायची. मामंजींनी चार नेल्या आणि माळवदावर डाळ वाळत घालायचे तिथं चिमण्या भ्यायला टांगल्या. चिमण्या भ्यायच्या न्हाईत. सीडीत बघून स्वतःलाच चोची मारायच्या.

आणि झालेली सीडी तो तशीच कोणाला द्यायचा न्हाई. आधी आपल्या मशीनमधे घालून, त्या सीडीनं मशीन उठवून बघायचा. उठलं की मगच मार्कर काढायचा. हे लक्षात ठेवा.

कारखान्यात तो दोन हजार साली लागला, हंगामी म्हणून. शेतकी ऑफिसात तीन मशीनं होती. त्यातल्या एकात उसाची नोंद. कोणत्या गावच्या कोणत्या माणसानं कोणत्या तारखेला ऊस लावला, त्यावरनं तोडीची पाळी लागती. पाळी मागंपुढं झाली की माणसं काठ्या घेऊन येतात, कारण उभा ऊस वाळतो. त्याआधी हे सगळं रजिस्टरात होतं. मशीनमधे आल्यापास्नं चिठ्ठी आपोआप निघायची.

शेतकी अधिकारी आप्पाराव साहेब. माणूस कडक, पण संगूवर जीव होता. पाचव्या हंगामाला बोलवतानाच म्हणले होते, या हंगामात माझी मशीनं एक दिवस बंद राहिली न्हाईत तर तुझं नाव कायमच्या यादीत घालतो. हंगामी माणसाला उन्हाळ्यात घरी बसावं लागतंय, कायम झाला की बारा महिने. घरात सगळ्यांना ते वाक्य पाठ झालतं.

कारण दुसरं एक होतं. नांदूरघाटचे मन्मथशेठ कापडवाले, त्यांची मुलगी अपेक्षा. आमच्यातलंच घर, लिंगायत. पाहून आलतो. मुलगी शांत, बारावी झालेली. संगू घरी आल्यावर दोनदा जेवला. माझे मालक भीमाशंकर म्हणले पसंत दिसतीय. मन्मथशेठ म्हणले, मुलगा आमालाबी पसंत हाय, कायमची ऑर्डर हातात आली की तारीख धरू. वाईट बोलले न्हाईत. कोणीबी मुलीचा बाप तेच म्हणला असता.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर संगूनं कारखान्याच्या मशीनचे दोन जोड केले. सगळ्या नोंदी आत घेतल्या. सहा सीड्या. सहाच्या सहा तपासल्या, दुकानातल्या मशीनला लावून. एक जोड घरी ठेवायचा, एक कारखान्यात. कारखान्यातला नेऊन द्यायचा होता पण खंडेनवमीला बॉयलर पेटवायची पूजा होती, सगळ्यांना लवकर बोलावलतं, तो गडबडीत तसाच गेला. सहाही सीड्या घरी राहिल्या.

खंडेनवमीला आमच्यात दुकानातलं सगळं पुजतात. तराजू, मापं, सुतळी कापायची सुरी, वह्या. मामंजी आंघोळ करून भस्म लावतात, मग प्रत्येक वस्तूला भस्माची तीन बोटं, हळदीकुंकू, झेंडूचं फूल. मामंजींचं झालं. मी पत्र्याच्या खोलीत गेले. म्हणलं संगू घरी न्हाई, त्याची हत्यारं तशीच राहतील. स्क्रू फिरवायचं, पकड, ते पुजलं. कॉम्प्युटरला कुंकू लावलं. मग सीड्या दिसल्या. म्हणलं त्याचं खरं हत्यार तर हेच.

सीडीला दोन बाजू असतात. एकीवर त्याचं अक्षर होतं. दुसरी चकचकीत, आरशासारखी, त्यात माझं तोंड दिसलं. मला वाटलं तोंडाची बाजू ही. पूजा तोंडाची करतात. सहाही ओळीनं मांडल्या, भस्म पाण्यात कालवलं आणि प्रत्येकीला तीन बोटं ओढली. वर कुंकू. संध्याकाळपर्यंत तशाच ठेवल्या. वाळलं. मग म्हणलं संगू येईल, त्याला स्वच्छ लागतंय, म्हणून पदरानं घासून पुसलं. वाळलेलं भस्म जोर लावल्याशिवाय निघत न्हाई. मी जोर लावला. परत कव्हरात घातल्या, जशा होत्या तशा.

तो आल्यावर मी सांगितलं तुमची हत्यारंबी पुजली. त्यानं मशीनवरचं कुंकू बघितलं, म्हणला बरं केलं वैनी. त्याला वाटलं मशीनच पुजलंय. सीडीचं मी बोलले न्हाई. लपवलं न्हाई. सांगायसारखं काय होतं, तराजू पुजला असं कोणी येगळं सांगतंय का. आणि त्यानं परत तपासल्या न्हाईत, कारण दोन दिवसाआधीच तपासलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एक जोड कारखान्यात नेऊन साहेबांच्या कपाटात ठेवला.

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मशीन बसलं. सकाळी दहाच्या सुमाराला. आतली थाळीच गेली होती, हार्ड डिस्क म्हणतात ती, नवी टाकली तर ती कोरी. हंगाम भरात, यार्डात गाड्या उभ्या. आप्पाराव साहेब म्हणले आता कसं. संगू म्हणला दोन तास द्या साहेब, कपाटातल्या सीड्या द्या. पहिली घातली, पांढरी अक्षरं आली. सगळे मागं उभे. दुसरी घातली, आकडा चढायला लागला, तीसवर जाऊन थांबला. काढली, पुसली, परत घातली. तीस. हे सगळं मला म्हाळूनं सांगितलं, तो तिथला शिपाई.

मग संगू गाडीवर घरी आला, दुसरा जोड न्यायला. मी अंगणात तीळ निसत होते. त्यानं कव्हरातनं सीडी काढली आणि जायच्या आधी उन्हात तिरपी धरली. बराच येळ धरली. मग दुसरी. मग तिसरी. माझ्याजवळ येऊन बसला, सीडी माझ्यासमोर तशीच तिरपी केली. त्याच्यावर तीन रेघा होत्या. बारीक, गोलाला आडव्या, शेजारी शेजारी. माझ्या बोटांएवढ्या अंतरावर.

"वैनी," म्हणला, "याला भस्म लावलं होतं का?"

मी म्हणलं, "हो. दसऱ्याला. पुसलंबी होतं मी."

मी म्हणलं काय झालं. तर म्हणला काही न्हाई. उठला, कोलगेट आणलं, बोटावर घेऊन सीडीवर हळूहळू घासलं, पाण्यानं धुतली, दुकानातल्या मशीनमधे घालून बघितली. अशानं कधीकधी लागती म्हणला. लागली न्हाई. तिन्ही बघितल्या. हात धुतले, तांब्यातलं पाणी पिला. मला तवा कळलं. मी म्हणलं मी येते, मी साहेबांना सांगते माझ्याकडनं झालं.

"तुमी कोणाला बोलू नका," तो म्हणला. "साहेब हसतील. मग कारखाना हसंल, मग गाव हसंल. मी मशीनवाला म्हणून दोन दिवस शिव्या खाईन. तुमाला जन्मभर हसतील."

आणि गेला.

तिथं सगळ्यांसमोर साहेब म्हणले, काय बे, ह्या तुझ्या सीड्या, चिमण्या हाकलायला आणल्यास का. ती चिमण्यांची गोष्ट त्यानंच कधी हसत सांगितली होती साहेबांना. संगू म्हणला, माझं चुकलं साहेब, तपासल्या न्हाईत. एवढंच. नोंदीचा प्रोग्राम पुण्याहून परत मागवला आणि चाळीस गावांच्या नोंदी रजिस्टरातनं परत टाईप केल्या, चार दिवस. चिठ्ठ्या हातानं लिहिल्या. धारूरकडच्या एका माणसाची पाळी चुकली, तो ऑफिसात येऊन आडवा पडला. मी रोज डबा पाठवत होते, तो रोज रिकामा येत होता, म्हणून मी समजले जेवतोय. म्हाळू नंतर म्हणला डबा मी खात होतो वैनी, मला वाटलं तुमी दोघांचा देताय.

हंगाम संपल्यावर कायमची यादी लागली. त्यात सात नावं होती. मन्मथशेठनी निरोप दिला, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या वर्षाचं पुढं बघू. वैशाखात अपेक्षाचं लग्न लातूरला झालं. पत्रिका आमच्याकडंच छापायला आली, कारण नांदूरघाटात तवा छापायचं कोणी नव्हतं. संगूनं मला टाईप करू दिली न्हाई, स्वतः केली. एकबी नाव चुकलं न्हाई.

मला तो एकदाबी बोलला न्हाई. एकदा बोलला असता तर बरं झालं असतं. उलट त्या आठवड्यापास्नं मला सीड्या करायला शिकवायला लागला. म्हणला वैनी, आता तुमीच शिका. सीडी धरायची ती कडेनं, गरम पापड धरता तशी, मधल्या भोकात बोट घालून. चकचकीत बाजूला हात न्हाई, फडकं न्हाई, पदर न्हाई. मशीन चालू होताना डिलीट दाबायचं, आत जाऊन आधी सीडी वाच असं सांगायचं. मग कुठून कुठं भरायचं ते निवडायचं. इथं चूक झाली तर भरलेलं मशीन कोऱ्यावरनं पुसून जातं, म्हणून इथं थांबायचं, वाचायचं, मग एन्टर. मी वहीत लिहून घेतलं. इंग्रजी अक्षरं चित्रासारखी काढली. उन्हाळ्यात तो घरीच होता, हंगामी होता ना. गावातल्या आठ मशीनच्या सीड्या मी केल्या त्या उन्हाळ्यात. प्रत्येक जोड तपासून.

पुढच्या दसऱ्याला त्यानं सीड्या मामंजींच्या समोर ठेवल्या, बंद डब्यात. म्हणला डब्याला लावा. मामंजी म्हणले डब्याला कावून. संगू म्हणला त्यांना भस्माची ॲलर्जी हाय. मामंजी हसले. मी आत गेले.

परत हंगामी लागला. साहेब बोलायचे, रोज न्हाई पण मधीमधी. नवीन माणूस आला की सांगायचे, हा आमचा सीडीवाला, याची सीडी लागत न्हाई. संगू हसायचा म्हणे. मशीनचे नवे जोड केले, नोंदीची नक्कल दर शनिवारी फ्लॉपीत येगळी काढायचं कारकुनांना लावून दिलं.

पौष संपता संपता ताप आला. मग डोळे पिवळे झाले. अंबाजोगाईला नऊ दिवस होता. जायच्या दिवशी सकाळी मला विचारलं आपल्या गावच्या दवाखान्याच्या सीड्या दिल्या का. मी म्हणलं दिल्या. दिल्या नव्हत्या. दुपारी गेला. एकतीस वर्षांचा होता.

आमच्यात बसवून पुरतात. हातात लिंग देतात, बेल टाकतात, भस्म टाकतात. सगळ्यांनी मूठमूठ भस्म टाकलं. मला स्वामी म्हणले ताई, टाका. मी टाकलं न्हाई. लोकांना वाटलं शुद्धीवर न्हाई. मी शुद्धीवर होते. मला तवा रडूबी आलं न्हाई, अजून आलं न्हाई. बाया म्हणायच्या रडून घे नीला, मोकळी होशील. मी स्वयंपाक करायचे, दुकान झाडायचे, दवाखान्याच्या सीड्या नेऊन दिल्या.

या मार्गशीर्षात कारखान्याचं मशीन परत बसलं. थाळीच गेली, तवासारखी. लातूरचा माणूस आला, त्यानं नवी थाळी टाकली पण नोंदीचा प्रोग्राम त्याच्याकडं नव्हता. ज्यांनी बनवला ते पुण्याचं ऑफिस बंद झालंय. नोंदी फ्लॉपीत होत्या, पण प्रोग्राम असल्याशिवाय त्या उघडत न्हाईत. प्रोग्राम होता तो फक्त संगूच्या सीडीत. साहेबांच्या कपाटात शोधल्या तर कोणीतरी पोरांना खेळायला नेलेल्या. तवा म्हाळू आमच्या दुकानात आला. साहेबांनी विचारलंय म्हणला, घरी जोड असंल तर द्या. मी म्हणलं हाय. पण देणार न्हाई. घेऊन येते.

मालक म्हणले तू काय करणार तिथं. मी म्हणलं सोडा मला गाडीवर. ते मामंजींकडं बघायला लागले. मामंजी म्हणले सोड तिला.

शेतकी ऑफिसात मी पहिल्यांदाच गेले. साहेब होते, सहा कारकून, म्हाळू, लातूरचा माणूस. खुर्ची पुढं केली. लातूरचा माणूस म्हणला काकू, द्या माझ्याकडं. मी म्हणलं राहू द्या. वही उघडून मांडीवर ठेवली. डब्यातनं पहिली सीडी काढली, कडेनं धरून. डिलीट दाबलं. वहीतल्या चित्रासारखी अक्षरं आली. कुठून कुठं, तिथं थांबले, दोनदा वाचलं. एन्टर मारलं. दुसरी मागितली, दिली. आकडा चढायला लागला. दहा. वीस. तीस. एकतीस झाले. तिसरी दिली. शंभर झाले. मशीन बंद करून चालू केलं तर समोर कपिलधारचा धबधबा आला, संगूनं पडद्यावर लावून ठेवलेला, आणि शेजारी नोंदीचा प्रोग्राम. मला काही वाटलं न्हाई. वाटायला पाहिजे होतं. कारकुनानं फ्लॉपी घातली, नोंदी आल्या.

साहेब म्हणले, "लागली की यावेळी संगमेश्वरची सीडी."

मी म्हणलं, "तवाबी लागली असती साहेब. मी तिला भस्म लावलं होतं."

त्यांना कळलं न्हाई. मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, चकचकीत बाजू, पदर, तीन रेघा. संगूनं काय म्हणलं तेबी. कोणी हसलं न्हाई. साहेब कपाटाला टेकून उभे राहिले.

"मला तवाच सांगायचं होतं, ताई. मी काय त्याला फाशी दिली असती का. वर्षभर बोलत राहिलो मी त्याला."

"बोललात," मी म्हणलं.

"आता त्याचं नाव यादीत..." म्हणले आणि थांबले.

मी म्हणलं यादीचं न्हाई म्हणत. तुमी त्याला जितक्यांसमोर बोलला होता तितक्यांसमोर एकदा सांगा की त्याची चूक नव्हती. साहेबांनी मान हलवली. कारकुनांकडं तोंड केलं. म्हणले, ऐका रे, त्या वर्षी सीडी लागली न्हाई ती संगमेश्वरची चूक नव्हती. त्यानं तपासून दिली होती. मी उगंच बोललो. मग म्हणले, चला, चिठ्ठ्या काढा, गाड्या उभ्या हायत.

एवढंच झालं. सगळे आपापल्या जागेवर बसले. मी सीड्या कडेनं धरून डब्यात घालत होते. दारापाशी एक नवीन कारकून होता, चार महिन्यामागं लागलेला, मिसरूड फुटलेलं पोरगं. त्यानं म्हाळूला हळूच विचारलं, संगमेश्वर कोण. म्हाळू माझ्याकडं बघायला लागला.

मी म्हणलं, माझा दीर. अजून काय सांगावं ते मला उभ्या उभ्या सुचंना. म्हणलं लिहून पाठवते. घरी आले, दिवेलागण झाली, भाकरी केल्या, आणि दुसऱ्या दिवसापास्नं दुकान उघडायच्या आधी थोडंथोडं हे टाईप केलं. चाळीस प्रती काढणार हाय. एक साहेबांना, एक म्हाळूला, एक नांदूरघाटला मन्मथशेठना. त्या नवीन पोराला मी स्वतः नेऊन देणार हाय, त्याचं नाव विचारायचं राहिलंय.